उडायचं की नाही, हे तूच ठरव

अमेरिकेत विमान चालवायला शिकून आले म्हटलं की लोक आधी पैशांचं विचारतात, मग भीतीचं. कागदपत्रांबद्दल आणि वाट बघण्याबद्दल कुणीच विचारत नाही. माझा निम्मा वेळ त्यातच गेला, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी मूळची नाशिकची, नोकरी पुण्यात. ओझरला एचएएलचा कारखाना असल्यामुळे डोक्यावरून सुखोई जाणं आमच्याकडे रोजचंच. पण मला ना हवाई दलात जायचं होतं, ना एअरलाइनमध्ये. चार आसनांचं छोटं विमान स्वतः चालवत एका गावाहून दुसऱ्या गावाला जाता यावं, एवढीच इच्छा. जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ ला भारतातला पहिला वैमानिक परवाना घेतला, तोही आधी उडण्याच्या ओढीपोटीच. आपल्याकडे बारामती, धुळे, गोंदियाला प्रशिक्षण मिळतं, पण तिथे मुख्यतः व्यावसायिक परवान्यासाठी आलेली मुलं असतात. फ्लोरिडात अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात डझनभर विमानतळ, त्यातल्या बहुतेक ठिकाणी छोट्या विमानाला उतरण्याचं शुल्क नाही, आणि सपाट जमीन. म्हणून फोर्ट पिअर्स निवडलं. अटलांटिकच्या काठावरचं, ओरलँडो आणि मायामीच्या मधलं हे शहर.

पहिली पायरी शाळेची. एम-१ व्हिसासाठी (व्यवसाय-कौशल्याचं शिक्षण घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांचा व्हिसा) शाळेला आय-२० हा प्रवेशाचा फॉर्म देण्याचा अधिकार असावा लागतो, आणि तो प्रत्येक फ्लाइंग स्कूलकडे नसतो. आय-२० हातात आला की सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकन यंत्रणा) ३५० डॉलर फी, मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, व्हिसाची १८५ डॉलर फी आणि मुंबईत बीकेसीला मुलाखत. एम-१ वर नोकरी करता येत नाही, आणि नंतर तिथेच राहून तो एफ-१ मध्ये, म्हणजे कॉलेज-विद्यापीठाच्या विद्यार्थी व्हिसात, बदलूनही मिळत नाही. त्यामुळे पैशांची सगळी तजवीज निघण्याआधीच हवी. अमेरिकन नियमांतल्या पार्ट १४१ च्या (सरकारमान्य ठरीव) अभ्यासक्रमात किमान ३५ तास आणि पार्ट ६१ (सोयीने शिकण्याचा मार्ग) मध्ये किमान ४० तास उड्डाण लागतं, असं नियम सांगतो. जाहिरातीतला खर्च याच आकड्यावर काढलेला असतो. प्रत्यक्षात बहुतेकांना ६० ते ७० तास लागतात. मी ७० तासांचे पैसे धरले होते आणि ते धरले म्हणून शेवटी निभावलं. बँकेतून शिक्षणासाठी पैसे पाठवताना एका मर्यादेच्या वर टीसीएस (बँकेनेच आधी वसूल केलेला कर) कापला जातो. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण तोवर ती रक्कम अडकून पडते, हेही हिशोबात धरावं.

व्हिसा मिळाला म्हणजे विमानात बसता येतं, असं नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातल्या काही अपहरणकर्त्यांनी फ्लोरिडातच विमान चालवण्याचं प्रशिक्षण घेतलं होतं. तेव्हापासून परदेशी विद्यार्थ्याची वेगळी सुरक्षा तपासणी होते आणि ती टीएसए ही अमेरिकेची वाहतूक सुरक्षा यंत्रणा करते. ऑनलाइन अर्ज, पासपोर्टच्या प्रती, राहण्याच्या पत्त्यांचा इतिहास, शुल्क, बोटांचे ठसे. अंतिम परवानगी येईपर्यंत प्रशिक्षकासोबतसुद्धा उड्डाणाचा धडा घेता येत नाही. परवानगी आल्यावर पहिल्या दिवशी शाळा तुमचा फोटो काढून टीएसएला पाठवते. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. जिथे हे घडलं त्या राज्यात आपण शिकायला जातोय.

वैद्यकीय तपासणीबद्दल एक कळकळीचं सांगणं. खासगी परवान्यासाठी अमेरिकेत थर्ड क्लास मेडिकल पुरतं आणि चष्मा चालतो. पण पुढे भारतात व्यावसायिक वैमानिक होण्याचा जराही विचार असेल, तर आधी इथे डीजीसीएची (भारताचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) क्लास २ आणि मग क्लास १ तपासणी करून घ्या. रंग ओळखण्यात अडचण आहे किंवा कानाचा दोष आहे, हे तीस लाख खर्च केल्यावर कळण्यात काय अर्थ?

या सगळ्यात माझी मुलाखत लांबली आणि जानेवारीत निघायची ती मी मेच्या शेवटी पोहोचले. फ्लोरिडात हिवाळा हा शिकण्याचा काळ. उन्हाळ्यात तिथे जवळजवळ रोज दुपारी वादळ होतं.

विमान होतं पायपर आर्चर. पायपरचा कारखाना शेजारच्या व्हिरो बीचलाच, त्यामुळे त्या किनाऱ्यावर ही विमानं पावलोपावली दिसतात. पंख खाली, इंजिन १८० अश्वशक्तीचं, आणि दार एकच, उजव्या बाजूला. म्हणजे वैमानिकाने आधी पंखावर चढून आत शिरायचं, सरकत डाव्या सीटवर जायचं, मग प्रशिक्षक बसणार आणि दार लावणार. दाराला दोन कड्या, एक बाजूला आणि एक वर छताला. वरची नीट बसली नाही तर उड्डाण होताच दार फटीएवढं उघडतं आणि प्रचंड आवाज येतो. विमान त्याने पडत नाही, पण घाबरलेला माणूस पाडू शकतो.

उड्डाणाआधीच्या तपासणीत मला सर्वात आवडायचं ते इंधन काढून बघणं. दोन्ही पंखांखाली आणि इंजिनाजवळ एक छोटा झडप-नळ असतो. पारदर्शक नळकांडं खालून दाबलं की त्यात १०० एलएल पेट्रोल उतरतं, फिकट निळं. ते उजेडासमोर धरून बघायचं. पाणी असेल तर जड असल्यामुळे तळाला वेगळा थेंब होऊन बसतं. रात्रभर दमट हवेत उभ्या असलेल्या विमानात असा थेंब सापडतो. तो दिसला की पुन्हा काढायचं, पुन्हा बघायचं, निव्वळ निळं दिसेपर्यंत. आर्चरला दोन्ही टाक्यांमधून एकदम इंधन घेण्याची सोय नाही. डावी किंवा उजवी निवडायची आणि साधारण अर्ध्या तासाने बदलायची. या एका सवयीमुळे घड्याळाकडे आणि इंधनाकडे लक्ष ठेवणं आपोआप अंगी बाणलं.

हातांना विमान समजायला फार दिवस लागत नाहीत. रेडिओ समजायला लागतात. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं, ऑफिसात दिवसभर अमेरिकन ग्राहकांशी बोलणं, तरी पहिल्या आठवड्यात टॉवरचं निम्मं बोलणं डोक्यावरून गेलं. इंग्रजी येणं वेगळं आणि पुढे काय ऐकू येणार याचा अंदाज असणं वेगळं. टॉवरचा माणूस दर वेळी ठरलेल्या क्रमानेच बोलतो: आधी कुणाला, मग तू कितव्या क्रमांकावर, पुढे कोण आहे, कुठल्या धावपट्टीवर. तो क्रम डोक्यात बसला की कान मोकळे होतात. मी संध्याकाळी फोनवर फोर्ट पिअर्स टॉवरचं थेट प्रक्षेपण लावून स्वयंपाक करायचे आणि प्रत्येक सूचना मोठ्याने परत म्हणायचे. सोबत राहणारी मुलगी कोलंबियाची होती, तीही हेच करायची. भाकरी थापताना 'रनवे वन झीरो लेफ्ट, क्लिअर्ड फॉर द ऑप्शन' म्हणणं काही आठवड्यांत आम्हा दोघींच्या अंगवळणी पडलं.

खरी अडचण ऐकण्याची नव्हतीच. टॉवर विचारतो, तुझ्या पुढे सेसना आहे, दिसतंय का? दिसत नसेल तर दिसत नाही म्हणायचं. पण वरच्या माणसाने विचारलं की 'हो सर' म्हणायची आपली लहानपणापासूनची सवय. शाळेत, घरात, ऑफिसात, वडीलधाऱ्याला नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा. आमच्या वर्गातल्या भारतीय, नेपाळी, श्रीलंकन मुलांमध्ये हे मला सारखं दिसलं. आणि आकाशात न दिसलेल्या विमानाला दिसलं म्हणणं जिवावर बेतू शकतं. एकदा टॉवरने उतरायच्या तयारीत असताना अचानक शेजारची धावपट्टी बदलून दिली. वळण फार जवळून घ्यावं लागणार होतं. मी 'अनेबल', म्हणजे जमणार नाही, म्हटलं. पुढच्याच क्षणी त्याने शांतपणे फेरी मारून परत यायला सांगितलं. आवाजात राग नाही, नाराजी नाही. त्या दिवसापासून रेडिओची धास्ती गेली.

माझा प्रशिक्षक पंचविशीतला, एअरलाइनसाठी लागणारे १५०० तास जमवत असलेला. त्याला नावाने हाक मारायला मला जड गेलं, मग जमलं. पहिल्या दिवसापासून त्याची एक पद्धत होती. सकाळी मी हवामानाचा मेटार (आत्ताची स्थिती) आणि टाफ (पुढचा अंदाज) वाचून त्याला सांगायचं आणि तो विचारणार, "मग? जायचं?" मी उलट त्यालाच विचारलं की तो म्हणायचा, "उडायचं की नाही, हे तूच ठरव. चूक वाटलं तर मी थांबवीन." सुरुवातीला मला वाटायचं, मी याला पैसे देते, निर्णय यानेच घ्यावा. नियम वाचल्यावर कळलं. अमेरिकन नियमांच्या ९१.३ कलमात लिहिलंय की विमानाच्या उड्डाणाची थेट जबाबदारी आणि अंतिम अधिकार वैमानिकाचा. परवाना मिळाल्यावर पहिल्या दिवशी तो अधिकार अंगावर पडतो, तेव्हा विचारायला शेजारी कुणी नसतं.

फ्लोरिडाचा उन्हाळा हे शिकवायला उत्तम. द्वीपकल्पाच्या दोन्ही किनाऱ्यांवरून दुपारी समुद्राकडून वारे आत येतात आणि मधल्या भागात भिडतात. दमट हवा वर चढते, ढग कोबीसारखे फुगत जातात आणि दीड-दोनच्या सुमाराला विजा सुरू. वळवाचा पाऊस बघत वाढलेल्या माणसाला ते ढग ओळखीचे वाटतात. पण खालून बघणं निराळं आणि तीन हजार फुटांवर त्याच्याकडे तोंड करून असणं निराळं. जोरदार वादळापासून किमान २० मैल दूर राहा, असा एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक खात्याचा, सल्ला आहे. छोट्या विमानाला वीस मैल म्हणजे दहा-बारा मिनिटं. म्हणून आमची उड्डाणं सकाळी सातला, आणि अकरानंतर बहुधा जमिनीवर.

आईचा फोन मी झोपायच्या वेळी यायचा, नाशिकला तेव्हा सकाळ. पहिला प्रश्न ठरलेला, "आज उडलीस का गं?" चार दिवस सलग नाही म्हणावं लागलं की तिलाही वाईट वाटायचं आणि मला तर फारच. इकडे घरभाडं चालू, व्हिसाची तारीख जवळ येतेय, तासाला विमान आणि प्रशिक्षक मिळून पावणेतीनशे डॉलरच्या घरात. हे सगळं डोक्यात घेऊन ढगांकडे पाहिलं की ढग लहान दिसायला लागतात. परदेशी विद्यार्थ्यासाठी सगळ्यात धोक्याची गोष्ट मला हीच वाटते. मग मी आईला सांगितलं, उडलीस का विचारू नकोस, काय शिकलीस ते विचार. तिने लगेच मानलं. त्यानंतरचे तिचे फोन फार छान असायचे. मेटारमधला दवबिंदू म्हणजे काय हे मी तिला समजावलं, आणि पुढे ती नाशिकच्या धुक्याचा अंदाज सांगायला लागली.

एकटीने पहिलं उड्डाण एका सकाळी अचानक आलं. तीन-चार फेऱ्यांनंतर प्रशिक्षकाने विमान बाजूला घ्यायला सांगितलं, हेडसेट काढला आणि पंखावर उतरला. दार आता मला लावायचं होतं. डावीकडून पूर्ण आडवं होऊन आधी बाजूची कडी, मग वरची, आणि मग ढकलून खात्री. त्या दोन कड्यांवर मी जेवढं लक्ष दिलं तेवढं आयुष्यात कुठल्या दारावर दिलं नसेल. शेजारचं वजन कमी झाल्याने आर्चर अपेक्षेपेक्षा लवकर उचललं आणि भराभर चढलं. समोर खाडी, तिच्यापलीकडे अटलांटिक. उजवी सीट रिकामी. मी मोठ्याने चेकलिस्ट म्हणत होते, मराठी-इंग्रजी मिसळून.

लांबचा एकटीचा प्रवास लेकलँड आणि सीब्रिंगचा. नियमाने एकूण १५० सागरी मैल, तीन ठिकाणी पूर्ण थांबून उतरणं आणि एक टप्पा ५० मैलांपेक्षा जास्त. किनारा सोडून आत गेलं की संत्र्यांच्या बागा, मग गुरांची कुरणं, दलदल. खूण म्हणावी असं फारसं काही नाही, टर्नपाइक हा एक महामार्ग सोडला तर. सीब्रिंगच्या पूर्वेकडे-ईशान्येकडे एव्हॉन पार्कची बॉम्बफेकीच्या सरावाची लष्करी हद्द आहे आणि सीब्रिंगहून घरी परतताना ती डाव्या हाताला राहते. मी मायामी सेंटर या हवाई नियंत्रण केंद्राकडे फ्लाइट फॉलोइंग, म्हणजे रडारवरून लक्ष ठेवण्याची सोय, मागितली होती. तरी नकाशावर बोट आणि बाहेर नजर, हे थांबवलं नाही. सीब्रिंगला टॉवर नाही. सगळे आपापली जागा रेडिओवर सांगतात आणि एकमेकांना सांभाळून उतरतात. कुणी हुकूम देणारं नसताना अनोळखी माणसं इतकी शिस्तीने वागतात, याचं मला फार अप्रूप वाटलं. रात्रीच्या सरावात हाच भाग ओळखू येत नाही. किनाऱ्यावर दिव्यांची रांग आणि आत शाई सांडल्यासारखा अंधार, ज्यात क्षितिज सापडत नाही. उपकरणांवर विश्वास का ठेवायचा, ते तिथे दहा मिनिटांत कळतं.

लेखी परीक्षा ६० प्रश्नांची, ७० टक्क्यांना पास, फी १७५ डॉलर. तिच्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. आपल्याकडे परीक्षा देत वाढलेल्या माणसाला ती जड नाही. ती लवकरात लवकर उरकावी, म्हणजे वादळी दुपारी अपराधी वाटत नाही.

अंतिम चाचणी घेणारा परीक्षक एफएएने नेमलेला खासगी माणूस असतो, आणि असे परीक्षक कमी. तारीख मिळायला काही आठवडे गेले. माझे परीक्षक साठीतले, निवांत बोलणारे. तोंडी परीक्षेत त्यांनी एक साधा प्रसंग दिला: मी आणि माझे दोन धिप्पाड मित्र, सामान, आणि तुझं आर्चर टाक्या भरून उभं आहे. नेशील का? आर्चरचं कमाल वजन २,५५० पौंड. टाक्यांतलं वापरण्याजोगं इंधन ४८ गॅलन, गॅलनला सहा पौंड धरून २८८ पौंड. मी विमानाच्या कागदांतलं रिकामं वजन घेऊन बेरीज केली. मर्यादेच्या वर गेली. चार सीट आहेत म्हणून चार माणसं आणि पूर्ण इंधन बसतंच असं नाही. मी म्हटलं, इंधन कमी करून वाटेत एक थांबा घेऊ. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला.

तोंडी संपली तेव्हा अकरा वाजत आले होते. विमानतळावर वारा मंद, ढग तुरळक. रडारवर मात्र टर्नपाइकच्या पलीकडे दोन ठिपके लाल व्हायला लागले होते आणि किनाऱ्याकडे सरकत होते. परीक्षक म्हणाले, "निर्णय तुझा." माझं परतीचं तिकीट पुढच्या आठवड्याचं. माझा प्रशिक्षक बाजूला उभा होता, तो जमिनीकडे बघत राहिला. त्याला माझ्यावर कुठल्याही बाजूने ओझं टाकायचं नव्हतं, हे मला कळलं. चाचणीला दीड तास लागतो. दीड तासात ते ढग कुठे असतील, हे मी कागदावर मांडलं आणि नाही म्हटलं.

परीक्षकांनी डिसकंटिन्युअन्सचं, म्हणजे चाचणी मध्येच थांबवल्याचं, पत्र लिहून दिलं. त्यात झालेला भाग ६० दिवस ग्राह्य धरला जातो, तोंडी परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. हे पत्र म्हणजे नापास होणं नव्हे, ही माहिती प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याला आधीपासून असायला हवी. ती नसली की माणूस घाबरून हो म्हणतो. त्या दुपारी वादळ दक्षिणेकडे सरकलं आणि फोर्ट पिअर्सला थेंबही पडला नाही. संध्याकाळी एक-दोघं म्हणाले, उडाली असतीस तर झालं असतं. झालंही असतं. पण अकरा वाजता जे माझ्यासमोर होतं त्यावर मी ठरवलं होतं, आणि आजही तसंच ठरवीन. तिकीट पुढे ढकललं. एम-१ वर अभ्यासक्रम संपल्यावर ३० दिवसांची सवलत असते, त्यामुळे तारखेचा प्रश्न नव्हता. गेले ते तिकिटाच्या फरकाचे पैसे.

नंतर एका स्वच्छ सकाळी उरलेली चाचणी झाली. तिरपी वळणं, स्टॉल (पंखांची उचल संपणं) आणि त्यातून सावरणं, ठरलेला मार्ग सोडून दुसरीकडे वळणं. परीक्षकांनी थ्रॉटल मागे ओढून इंजिन बंद पडल्याचं नाटक केलं, तेव्हा वेग ७६ नॉट्सवर आणला, टाकी बदलली, पंप चालू केला, उतरायला कुरण निवडलं. उतरल्यावर त्यांनी हात पुढे केला.

हातात मिळतो तो कागदी तात्पुरता परवाना, १२० दिवसांचा. प्लास्टिकचं कार्ड ओक्लाहोमा सिटीहून येतं, त्यावर राइट बंधूंचं चित्र असतं. अमेरिकेबाहेरचा पत्ता देणाऱ्यांना आता अमेरिकेतला एक प्रतिनिधी नेमावा लागतो, त्याची व्यवस्था निघण्याआधी करून ठेवा. परवान्याला मुदत नाही, पण दर २४ महिन्यांनी प्रशिक्षकासोबत आढावा उड्डाण करावं लागतं, आणि प्रवासी न्यायचे तर मागच्या ९० दिवसांत तीन उड्डाणं-उतरणी झालेली हवीत.

भारतात नोंदणी झालेलं विमान या परवान्यावर तसंच चालवता येत नाही. त्यासाठी डीजीसीएकडून रूपांतर करून घ्यावं लागतं आणि परीक्षा द्याव्या लागतात. सध्या ऑफिस सुटलं की मी एअर रेग्युलेशनचा अभ्यास करते. बारामतीला जाऊन चौकशी करून आले आहे. आई म्हणते, पहिल्या फेरीला मी येणार. तिचं वजन मी वहीत लिहून ठेवलं आहे.